खेड्यातल्या मंडळीचा आणि तिच्या चर्चचा इतिहास कसा लावायचा? (जालना-अंबड भाग)

आढं-वासे (धागाकर्ता)

सलाम मंडळी. अंबड तालुक्यातल्या एका गावच्या ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे उपासनेला जमणाऱ्या समाजाची, शताब्दी करायचं चाललंय, पण शताब्दी नक्की कशाची यावरून पंचांत दोन मतं आहेत. कोनशिलेवर १९२६ साल कोरलंय. पहिल्या बाप्तिस्म्याची नोंद मात्र त्याच्या पंचवीसेक वर्षं आधीची.

इमारत आज अशी आहे : दगड-मातीचं जुनं सभागृह, आतून १८ × ४२ फूट, भिंती पावणेदोन फुटांच्या, सागाच्या कैच्या आणि वर मंगलोरी कौलं. पुढं आरसीसी पोर्च, त्यावर क्रूस. आवारात पत्र्याचं शेड, नाताळला माणूस तिथंच बसतो. भिंतींना आतून सिमेंट प्लास्टर आणि ऑइल पेंट. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा.

रविवारी दीडशेच्या वर माणूस होतोय. जुनं पाडून स्लॅब टाकू असं तरुण पोरं म्हणायलेत. तर प्रश्न दोन : कोणती तारीख कोणत्या पुराव्यावर धरायची, आणि जुनं ठेवून जागा वाढवता येते का? मोजमापाचं आणि कागदाचं बोला.

दप्तरखाना

तीन तारखा वेगवेगळ्या लिहा. गावातला पहिला बाप्तिस्मा ही एक. मंडळी म्हणून मान्यता, म्हणजे स्वतःचे वडील (मंडळीचे कारभारी), स्वतःचा पाळक किंवा निदान स्वतःचं रजिस्टर, ही दुसरी. इमारत ही तिसरी. शताब्दीच्या पुस्तिकांत या तिन्हींची खिचडी करून टाकतात आणि मग पुढची पिढी तीच खिचडी उतरवून काढते.

तुमच्या भागात पहिली तारीख गावात सापडणार नाही. जालन्याभोवतीचं काम नारायण शेषाद्रींनी उभं केलं. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक, आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. आसपासच्या खेड्यांतल्या लोकांचे सुरुवातीचे बाप्तिस्मे म्हणून जालना-बेथेलच्या रजिस्टरात शोधायचे. तिथं नावाच्या आधी ‘राहणार’चा रकाना वाचा. एकाच आडनावाची माणसं चार गावांत असतात.

दुसरं, मिशनचं नाव हीच मोठी खूण असते. कागदावर किंवा दगडावर नुसतं ‘फ्री चर्च’ असेल तर बहुधा १९०० च्या आधीचं. ‘युनायटेड फ्री’ किंवा ‘यु. एफ.’ असेल तर १९०० ते १९२९. १९२९ नंतर ‘चर्च ऑफ स्कॉटलंड’. इकडं भारतात १९२४ ला प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, म्हणून त्यानंतरच्या मंडळीच्या कागदांवर ‘यु. सी. एन. आय.’ दिसतं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सी. एन. आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं. एकाच वर्षी मिशनच्या कागदावर एक नाव आणि मंडळीच्या कागदावर दुसरं असू शकतं, गोंधळू नका. कोनशिलेवर सालाखाली अक्षरं आहेत का, चुना खरवडून बघा. लोखंडी तारेचा ब्रश नको, ओला कपडा आणि बांबूची काडी.

तिसरं, निजामाच्या राज्यातल्या जुन्या हिशेबवह्या. साल फसली, म्हणजे निजामी महसुली सनाचं, असतं. हैदराबादी फसली वर्ष आजुर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू. इसवी सन काढायला ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीला ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या नोंदीला ५९१. रक्कम ‘हाली’ की ‘कलदार’ तेही बघा. हाली हैदराबादचा रुपया, कलदार इंग्रजांचा, ढोबळ भाव ७ हालीला ६ कलदार. हे न बघता दोन वर्षांचे खर्च शेजारी मांडले तर बांधकाम महागलं की नाणं बदललं तेच कळत नाही.

वैजापूरकर

आमच्या बाजूला चित्र वेगळं आहे, म्हणून थोडक्यात. वैजापूर-गंगापूर पट्ट्यात कॅथलिक काम फ्रान्सलियन फादरांचं. घोगरगावचे फादर गुरिएन जाकिये म्हणजे लोकांचे गुरुबाबा. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ ला अमरावतीतून वेगळा झाला, तेव्हा त्याआधीचा पत्रव्यवहार औरंगाबादेत शोधत बसू नका. आणि आमच्याकडं म्हातारी माणसं चर्चला ‘देऊळ’च म्हणतात. जुन्या फेरफारात ‘ख्रिस्ती देऊळ’ लिहिलेलं असलं की तलाठ्याला वेगळीच शंका येते, तेवढं समजावून सांगावं लागतं.

मुरूम

कागद मिळेपर्यंत इमारत वाचा. एक टेप, एक ओळंबा आणि दिवसाचा उजेड पुरे.

१) आतून वर बघून कैच्यांमधलं अंतर मोजा, पूर्वेकडून पश्चिमेकडं, प्रत्येक खण वेगळा लिहा. एकाच वेळी बांधलेल्या सभागृहात खण सारखे असतात. मध्येच अंतर बदललं तर तिथून पुढं दुसऱ्या काळातलं काम.

२) त्याच जागी बाहेरून भिंत बघा. दगडांचे थर एकमेकांत गुंतलेले आहेत की वरपासून खालपर्यंत सरळ उभी दरज आहे? सरळ दरज म्हणजे नवी भिंत जुनीला टेकवलेली. प्लास्टर असेल तर तिथं बारीक उभी भेग हमखास असते, आणि लोक दरवर्षी ती पुटी भरून झाकतात.

३) कैचीच्या बैठकीखाली, भिंतीच्या आतल्या अंगाला, बुजवलेले चौकोन शोधा. ती जुन्या तुळयांची भोकं. ती सापडली तर आधी वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, होतं, कौलं नंतर आली.

४) कौल उलटं करून छाप वाचा. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशननं १८६५ ला मंगळुरात काढला, पण आपल्याकडं एवढा माल यायला आगगाडी लागली. मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लाईन जालन्यावरून गेली ती १९०० च्या सुमारास. त्याआधी अंबडच्या खेड्यात मंगलोरी कौल म्हणणाऱ्याकडून पुरावा मागा. मात्र कौलं बदलली जातात, म्हणून छाप छपराचा काळ सांगतो, भिंतीचा नाही.

५) लोखंडी गर्डर असेल तर पोटाशी कारखान्याचं नाव उठावात असतं. टाटांचं पोलाद १९१२ पासूनचं, म्हणजे ‘टाटा’ छाप असलेला गर्डर त्याआधीचा असूच शकत नाही.

६) घंटा. ओतीव घंटेवर कारखाना आणि साल असतं, पण घंटा जुनी घेतलेली असू शकते. पुष्कळ खेड्यांत घंटा नसून रुळाचा तुकडा टांगलेला असतो. त्यावरही गिरणीचं नाव आणि साल असतं, पण ते रूळ बनवल्याचं साल. त्याला चर्चचं साल समजून पुस्तिकेत छापलेलं आहे लोकांनी.

७) कोनशिला नक्की कुठल्या कोपऱ्यात आहे? हा प्रश्न कोणी विचारत नाही. पहिल्या मुद्द्यात वाढीव भाग निघाला तर शिला जुन्या भागाच्या कोपऱ्यात की नव्या?

आढं-वासे

मोजलं. पूर्वेकडून पाच खण सहा-सहा फुटांचे, म्हणजे ३० फूट. पुढचे तीन खण चार-चार फुटांचे, १२ फूट, तिथंच वेदी. तीसाव्या फुटाला उत्तरेच्या भिंतीत पायापर्यंत उभी दरज. पहिल्या ३० फुटांत तुळयांची बुजवलेली भोकं आहेत, पुढच्या १२ फुटांत एकही नाही. कोनशिला वेदीच्या बाजूच्या कोपऱ्यात. सालाखाली ‘यु. एफ.’ स्पष्ट आहे.

हिशेबवहीत फसली १३३५ ला ‘शाळागृह वाढीव काम व कौले, हाली १४००’ अशी नोंद सापडली.

दप्तरखाना

मग उलगडा झाला की. १३३५ फसली म्हणजे ऑक्टोबर १९२५ ते ऑक्टोबर १९२६, शिला १९२६ ची, आणि ती वाढीव भागात. १४०० हाली म्हणजे सुमारे १२०० कलदार. १९२६ हे चर्च बांधल्याचं साल नव्हे, माळवद काढून कौलं घालून सभागृह लांब केल्याचं साल आहे. आणि वहीतला शब्द बघा : शाळागृह. पहिली १८ × ३० ची खोली शाळा होती, रविवारी तिथंच उपासना. मिशनच्या खेड्यांत हा नेहमीचा क्रम : आधी मास्तर, मग शाळा, मग त्याच शाळेत मंडळी, आणि माणूस वाढला की वेदीची बाजू लांबवायची. पूर्वेकडचं दार तसंच राहतं, म्हणून वाढ कायम वेदीकडं दिसते.

शाळेचं साल हवं असेल तर निजामाच्या उमूर-ए-मजहबी खात्याच्या परवानगीत शोधत बसू नका. ते खातं प्रार्थनास्थळांचं. शाळा म्हणून बांधलेली खोली तिथं कशाला येईल? शिक्षण खात्याच्या आणि मिशनच्या वार्षिक अहवालांत बघा.

स्लॅबवाला

इतिहास झाला, आता व्यवहाराचं बोलतो. मी बांधकामातला माणूस. दगड-मातीची भिंत, तीसाव्या फुटाला सांधा, भेगा, वर शंभर वर्षांचं लाकूड. यात पैसा घालणं म्हणजे पाण्यात घालणं. पाडा आणि ३० × ६० चा आरसीसी हॉल करा. किल्लारी विसरलात काय?

मुरूम

किल्लारी विसरलो नाही, म्हणूनच घाईत पाडू नका म्हणतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात जे पडलं त्यात मुख्य दोष दोन : माळवदाचं ओझं, आणि दोन पदरांची भिंत जिच्यात पदर बांधणारे आरपार दगडच नव्हते. माळवदात एक फूट माती धरली तरी चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जाते. मंगलोरी कौलांचं छप्पर लाकडासकट त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शातही बसतं. या इमारतीचं सगळ्यात धोक्याचं ओझं १९२६ लाच उतरलंय. १८ × ३० म्हणजे ५० चौरस मीटर, म्हणजे पंचवीसेक टन माती त्या लोकांनी खाली आणली.

उरले दोष असे, आणि ते दुरुस्त होतात :

लांब भिंत. ४२ फुटांत एकही आडवी भिंत नाही. कमी ताकदीच्या बांधकामासाठीचं भारतीय मानक १३८२८ सांगतं की आडव्या आधाराशिवाय भिंत ५ मीटरपेक्षा लांब नको. लांब असेल तर ४ मीटरच्या आत बाहेरून धिरे, म्हणजे भिंतीला टेकू देणारे खांब, हवेत. इथं प्रत्येक बाजूला तीन धिरे, पूर्वेकडून दहा-दहा फुटांवर. डोक्याशी रुंदी भिंतीच्या जाडीएवढी, पायथ्याशी भिंतीच्या उंचीचा सहावा हिस्सा. म्हणजे तिसरा धिरा त्या तीस फुटांच्या सांध्यावर येईल.

आरपार दगड. दोन फूट उभ्या आणि चार फूट आडव्या अंतरानं हवेत. जुन्या भिंतीत आता दगड घालता येत नाही, म्हणून त्या अंतरानं तीन इंची आरपार भोक हातानं दगड काढून करायचं. ड्रिल-हॅमर लावलं तर आतली माती ढासळते. दोन्ही टोकांना हुक असलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. एका दिवसात शेजारशेजारची भोकं करायची नाहीत, एकाआड एक.

पट्टा. वळचणीच्या पातळीला सलग पट्टा. छप्पर उतरवणारच असाल तर आरसीसीचा : किमान ७५ मिमी जाड, दोन सळया, ६ मिमीची कडी १५० मिमीवर. सळईचा व्यास अभियंत्याकडून घ्या. छप्पर उतरवायचं नसेल तर बाहेरून-आतून वेल्डमेश ठोकून सिमेंटचा पट्टा. टोकाच्या त्रिकोणी भिंतींना उतारावरूनही पट्टा लागतो. आधी त्याच कोसळतात.

सिमेंट प्लास्टर आणि ऑइल पेंट काढा. मातीच्या भिंतीत जोत्यातून ओल चढते, ती बाहेर पडायला वाट लागते. सिमेंटनं वाट बंद झाली की ओल वर चढत कैचीच्या टोकापर्यंत जाते आणि साग कुजतो तो तिथंच, भिंतीत गेलेल्या शेवटच्या फुटात. जाड सुई किंवा पेचकस टोचून बघा. अर्ध्या इंचाच्या वर सहज गेला तर ते टोक गेलंय. पूर्ण कैची फेकायची गरज नाही. कुजका भाग कापून नवा साग तिरक्या सांध्यानं, बोल्ट-पट्टीनं जोडता येतो, आणि टोकाभोवती हवेला जागा ठेवायची. प्लास्टर चुन्याचं : एक भाग चुना, तीन भाग वाळू. कळीचा चुना विरवून निदान दोन-तीन आठवडे भिजत ठेवलेला. तयार चुना मिळत नसेल तर एक सिमेंट, दोन चुना, नऊ वाळू एवढंच सिमेंट, जास्त नाही.

स्लॅबवाला

धिरे आणि पट्टा मान्य. पण भेगांचं काय? त्या ओलीच्या नाहीत, पायाच्या आहेत.

मुरूम

बरोबर, पायाच्याच. पण भाऊ, तुमचा ३० × ६० चा हॉल त्याच जमिनीवर उभा राहणार ना? गाव पांढरीवर वसतं, उंचवट्याला. ही वस्ती आणि हे चर्च गावकुसाबाहेर, ओढ्याकडच्या काळीवर, कारण ज्यांची ही मंडळी त्यांना जागा तिथंच मिळाली. मराठवाड्यातली कितीतरी खेड्यातली चर्चं याच कारणानं तडकलेली दिसतील. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरची इमारत हलकी असेल तर ती उचलतेसुद्धा.

आधी भेगेचा स्वभाव ओळखा. भेगेवर आडवी काचपट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवून तारीख लिहा, आणि भेगेची रुंदी मे अखेर आणि सप्टेंबर अखेर मोजा. मेमध्ये रुंद, सप्टेंबरात बारीक असा खेळ असेल तर माती श्वास घेतेय. एकाच दिशेनं वाढत असेल तर पाया खचतोय, तिथं खड्डा घेऊन मुरूम किती खोल आहे ते बघा. निदान एक वर्ष हे झाल्याशिवाय ना पाडा, ना भरा.

श्वास घेणाऱ्या भेगेला उपाय स्वस्त आहे : भिंतीला लागून चार फूट रुंद फरशीचा उतार, वळचणीचं पाणी पन्हळीनं दूर, नळ आणि हातपाय धुण्याची जागा भिंतीपासून लांब. भिंतीलगतचं मोठं झाड असेल तर त्याची मुळं एका कोपऱ्याखालची ओल ओढतात. नवं बांधायचं झालंच तर मुरमापर्यंत जा, नाहीतर अंडर-रीम्ड पाईल (तळाशी फुगीर असलेले खोल काँक्रीटचे खांब), आणि जोत्यात काळी माती भरू नका. ती भरतात. आवारातच फुकट मिळते ना!

गोदाकाठ

इमारतीआधी माणसं मोजा. ‘दीडशेच्या वर’ हा आकडा कुठल्या महिन्याचा? तुमच्या भागातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परत येतात. नाताळची गर्दी म्हणजे शहरात गेलेली पोरं आणि पाहुणे. तेव्हा गावातला अर्धा माणूस ऊसतोडीच्या कोपीवर (झोपडीवर) असतो. खरी संख्या जून ते सप्टेंबरच्या सलग आठ-दहा रविवारांची सरासरी.

इतिहासासाठीही एकच आकडा देऊ नये. बाप्तिस्मा झालेले, प्रभुभोजन घेणारे आणि रविवारी येणारे असे तीन रकाने करा. जनगणनेशी जुळवायला जाऊ नका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जातींच्या आदेशामुळं ख्रिस्ती लिहिलेल्याला त्या सवलती नाहीत, म्हणून उपासनेला येणारी कितीतरी घरं सरकारी कागदावर ख्रिस्ती नाहीत. पुस्तिकेत नावांची यादी छापताना याचं भान ठेवा, लोकांच्या दाखल्यांवर परिणाम होतो. जुन्या रजिस्टरातली जात तर मुळीच छापू नका.

जागेचा हिशेब : वेदीचे ८ फूट आणि मधली ३ फुटांची वाट सोडली की तुमच्याकडं ५१० चौरस फूट उरतात. जाजमावर माणशी ५ चौरस फूट धरले तर शंभरेक माणूस. खुर्च्या मांडल्या की साठ-पासष्ट. म्हणजे खुर्च्या आणल्यामुळं चर्च लहान झालंय, हेही पंचांच्या कानावर घाला.

फेरफार

पाडायचं की ठेवायचं हे पंच ठरवू शकत नाहीत, ते आधी समजून घ्या. जागा कोणाच्या नावावर आहे? सातबारा किंवा गावठाणात असेल तर नमुना ८, सगळे जुने फेरफार, १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, आणि त्याआधीचं सेतवार (निजामकाळचं जमिनीच्या नोंदीचं पत्रक) काढा. सेतवार उर्दूत असेल, वाचणारा जाणकार लागेल. नाव मिशनचं असेल तर मालकी आज कोणत्या ट्रस्टकडं आली ते धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट १ च्या उताऱ्यावर कळतं. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणं ट्रस्टची जागा विकायला किंवा लांब भाड्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. पाडण्यासाठी ट्रस्टचा लेखी ठराव तरी हवाच.

शेड कुठं उभं आहे तेही मोजून घ्या. जुनं सभागृह हद्दीत आणि शेड गायरानात हे फार ठिकाणी आढळतं. सार्वजनिक जागेवर नवं अनधिकृत प्रार्थनास्थळ होऊ देऊ नका असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. जुनं पाडून तिथंच नवं बांधायला गेलात आणि जागेचा कागद नसला, तर जुनं गेलं आणि नव्याला परवानगी नाही अशी गत होते. जुनी इमारत हाच तुमचा वहिवाटीचा सगळ्यात जुना पुरावा आहे.

स्लॅबवाला

हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. मग मी असं सुचवतो : जुनं तसंच ठेवून उत्तरेला स्वतंत्र लोखंडी खांबांचं शेड, २० × ४२. मधल्या भिंतीत दारं पाडून दोन्ही जागा एक करायच्या.

मुरूम

शेड चालेल, पण चार गोष्टी पाळा. शेडचा एकही खांब, तुळई, पाईप जुन्या भिंतीला जोडायचा नाही, दोन इंच फट ठेवा. दोघांची हालचाल वेगळी. शेडचा उतार जुन्या भिंतीकडं आणायचा नाही. दोन पाखी मधल्या पन्हळीत मिळाली की पहिल्या मोठ्या पावसात पालापाचोळ्यानं ती तुंबते आणि सगळं पाणी मातीच्या भिंतीत. शेडची भिंतीकडची बाजू जुन्या वळचणीपेक्षा फूटभर उंच ठेवून कौलांवर यावी आणि उतार बाहेर जावा.

दारं पाडायची तर नवी नकोत. आहेत त्या खिडक्यांच्या उंबऱ्याखालचा भाग काढून त्यांचीच दारं करा, वरचा दगड हलवू नका. कोपऱ्यापासून दोन फुटांच्या आतली खिडकी सोडून द्या. आणि तीस फुटांच्या सांध्याजवळची पण.

पत्रा : टोकाचा जोड सहा इंच, बाजूचा दोन नाळ्यांचा, हुक नाळीच्या माथ्यावर, खळग्यात नाही. मेमधल्या वावटळीत पत्रा उडतो तो कडेचाच, म्हणून कडेच्या रिपेला प्रत्येक नाळीआड हुक. पत्र्याखाली काही अस्तर घाला, नाहीतर पावसात उपदेश ऐकू येत नाही आणि उन्हाळ्यात कोणी बसत नाही.

आढं-वासे

पंचांपुढं हे ठेवलं. शताब्दी ‘१९२६ च्या वाढीव सभागृहाची’ म्हणून करायचं ठरलं, शाळागृहाचं साल मोकळं सोडून. परिशिष्ट १ साठी अर्ज केलाय. काचपट्ट्या सहा भेगांवर लावल्या. प्लास्टर काढायला दिवाळीनंतर सुरुवात.

दप्तरखाना

प्लास्टर काढताना रोज संध्याकाळी प्रत्येक खणाचा फोटो घ्या, खणाचा नंबर खडूनं भिंतीवर लिहून, फुटपट्टी शेजारी धरून. सिमेंटखाली जुना चुना निघेल, त्यावर कधी रंगानं लिहिलेली वचनं असतात. ती निघाली तर तेवढा भाग थांबवा. रजिस्टरांचे फोटो फ्लॅश न वापरता, पानाचा नंबर दिसेल असे, आणि एक प्रत पाळकसाहेबांकडं, एक जालन्याला. मूळ वह्या लोखंडी कपाटात, भिंतीपासून चार इंच सोडून, खालच्या कप्प्यात नाही. वाळवी तिथूनच चढते.